नथीतला मोती आधी

नवघर, भाईंदर (पूर्व)
ता. २६ नोव्हेंबर २०२४

वरदगड राजवाडा चित्रसंग्रहालयाच्या साहेबांना जय भीम.

मी पंचशीला समाधान खिल्लारे. तुमच्या तिकीट खिडकीवर तक्रारीची कार्डं ठेवलीत, त्यातलं एक उचललं. त्यावर लिहायला तीन ओळी. तीन ओळींत काय बसतं? म्हणून हा वहीचा कागद.

रविवारी आमच्या विहाराच्या बायकांची सहल लेणी बघायला आली होती. परतताना गाडी तुमच्या राजवाड्यापाशी थांबली. दारातल्या माणसाने माझ्या मोबाइलात तुमचं ॲप टाकून दिलं. चित्राखाली नंबर आहे, तो दाबला की एक बाई कानात बोलते. हे बरं केलंत, मागे-मागे फिरणारा माणूस लागत नाही. बाईचा आवाजही गोड आहे.

पण सतरा नंबरला बाई साफ चुकीचं सांगते. राणीचं काचेवरचं चित्र आहे ते. बाई म्हणते, चित्रकाराने सगळं रंगवून झाल्यावर शेवटी नथीत मोती ठेवला. माझ्याबरोबर आमचे सासरे होते, ते म्हणाले, असं होऊच शकत नाही. तिथल्या तिथे म्हणाले, सगळ्यांसमोर, मोठ्याने. तुमच्या माणसाने त्यांना गप्प बसायला सांगितलं. त्याला सांगा, परत असं करू नको.

उत्तर पाठवा. फोन करू नका. फोनवर मला राग आला की मी ठेवून देते.

पंचशीला खिल्लारे


वरदगड
९ डिसेंबर २०२४

आदरणीय पंचशीलाताई,

सप्रेम नमस्कार. तुमचं पत्र साहेबांनी माझ्याकडे दिलं, कारण कानात बोलणारी ती बाई मीच. मी मृणालिनी. ॲपमधला सगळा मराठी मजकूर मी लिहिला आणि वाचला आहे.

कर्मचाऱ्याच्या बोलण्याबद्दल मी संग्रहालयाच्या वतीने क्षमा मागते.

मजकुराविषयी मात्र थोडं सांगते. सर्व माहिती अभ्यासकांकडून तपासून घेतलेली आहे. नथीतला मोती चित्रात सर्वांत वर, उठून दिसतो. बाकीचे रंग त्याच्याखाली आहेत. त्यामुळे तो शेवटी रंगवला असणार, हे उघड आहे. तुमच्या सासऱ्यांना पुन्हा येणं जमलं, तर त्यांनी ते चित्र जवळून, नीट निरखून पाहावं. त्यांचीही खात्री पटेल.

तुम्ही इतक्या आस्थेने लिहिलंत याचा आनंद वाटला.

आपली,
मृणालिनी


नवघर
ता. १८ डिसेंबर २०२४

मृणालिनी मॅडमला जय भीम.

निरखून बघतील कशाने? त्यांना दिसत नाही. दोन्ही डोळे गेलेत, दीड वर्ष झालं. काचबिंदू.

मी पहिल्या पत्रात लिहिलं नाही, माझी चूक. लिहिलं की लोक आधी अरेरे म्हणतात आणि मग ऐकत नाहीत. तुम्हीही न बघताच लिहिलंत, म्हणजे झाली फिटंफाट.

आता सगळं सांगते. मी चौथी शिकले आणि स्टीलच्या भांड्यांच्या गाळ्यात पॅकिंगला असते. जेवायच्या सुट्टीत लिहितेय. अक्षराला नावं ठेवू नका.

आमचे सासरे कोंडिराम पेंटर. मी त्यांना मामा म्हणते. परभणीहून आले तेव्हा हातात एक ब्रश होता, असं तेच सांगतात. भाईंदरच्या दुकानांचे बोर्ड, उत्तनच्या होड्यांची नावं, सलूनच्या काचा, दाताच्या डॉक्टरच्या काचा, सगळं त्यांच्या हातचं. फ्लेक्स आला आणि बोर्ड गेले, तरी काचा आणि होड्या राहिल्या होत्या. सत्तराव्या वर्षीसुद्धा शिडीवर.

डोळे गेले आणि माणूस गप्प झाला. गप्प म्हणजे किती? 'हो' नाही, 'नाही' नाही. ताट समोर ठेवलं तर चार घास, नाही ठेवलं तर मागणार नाहीत. भिंतीकडे तोंड करून बसायचे. माझा नवरा समाधान रिक्षा चालवतो, तो घरी आला की बापाशेजारी तासभर बसायचा, तरी शब्द नाही. मी चांगली बाई नाही मॅडम. एकदा मी म्हटलं, मामा, बसायचंच असेल तर दाराकडे तोंड करून तरी बसा, आल्यागेल्याला वाटतं आम्ही शिक्षा दिलीय. तरी हलले नाहीत.

सहलीला मी त्यांना ओढूनच आणलं. घरी ठेवून आले असते तर जेवले नसते, म्हणून. तुमच्या राजवाड्यात बायका पुढे गेल्या. मी मामांचा हात धरून मागे. कानातल्या वायरीचं एक टोक त्यांच्या कानात घातलं, एक माझ्या. म्हटलं, दिसत नाही तर ऐकू तरी दे.

खरं सांगते, राग मानू नका. सहाव्या नंबरला मी कंटाळले. तुम्ही तारखा फार सांगता. कोणता राजा कोणत्या साली गादीवर बसला, चित्र किती फूट लांब, कोणी भेट दिलं. चित्रात आहे काय, ते सांगतच नाही. आंधळ्या माणसाने काय करायचं त्या फुटांचं? मी वायर काढायला गेले तर मामांनी माझा हात बाजूला केला. ऐकत होते! म्हणून आम्ही सतरापर्यंत आलो.

तिथे तुम्ही म्हणालात, "आणि सर्वांत शेवटी, जणू श्वास रोखून, चित्रकाराने राणीच्या नथीत एक मोती ठेवला."

मामांनी मला विचारलं, "पंचशीला, ही काच हाय का कापड?"

दीड वर्षाने माझं नाव घेतलं. मी म्हटलं, "काच आहे मामा."

"मागून रंगवल्याली?"

मी वाकून कडेने बघितलं. म्हटलं, "मागूनच."

आणि मामा हसले. मोठ्याने, पोट धरून. म्हणाले, "येडी झाली का काय ही बाई! काचेवर मोती शेवटी ठिवला तर त्यो राणीच्या नाकामागं जाईल! मोती आधी! मोती, मग नथ, मग नाक, मग राणी. मागची भिंत शेवटी!"

मग तुमचा माणूस धावत आला, श्शू श्शू करत. मामा त्यालाच सांगायला लागले. सलूनची काच आतून रंगवायची, म्हणजे पावसाने जात नाही. सगळं उलटं. अक्षरं उलटी, आणि कामही उलटं. जी चमक वर दिसायला पाहिजे, ती पहिल्यांदा मारायची. एकदा मागचा रंग बसला की पुढचं काहीच सुधारता येत नाही. तो माणूस म्हणतो, काका हळू बोला. मी त्याला म्हटलं, दीड वर्ष हळूच बोलत होते, आता बोलू दे.

गाडीत मामा भाईंदर येईपर्यंत बोलत होते. बायका झोपल्या तरी बोलत होते.

म्हणून लिहिलं. तुमची चूक आहे, एवढंच सांगायचं होतं. आणि तुमचे उपकार आहेत, तेही सांगायचं होतं, ते पहिल्या पत्रात राहिलं.

पंचशीला


वरदगड
३० डिसेंबर २०२४

पंचशीलाताई,

तुमचं पत्र मी उभ्यानेच वाचलं आणि मग बसले.

तुम्ही मला खरं सांगितलंत, मीही सांगते. तो मोती कोणत्याच अभ्यासकाने सांगितलेला नाही. मूळ टिपणात फक्त "काचचित्र, राणी, नैसर्गिक रंग" एवढंच होतं. ते फार कोरडं वाटलं, म्हणून मोती आणि तो रोखलेला श्वास मी मनाने घातला. वाचताना मला स्वतःचंच कौतुक वाटलं होतं.

तुमचं पत्र आल्यावर मी एका फोटोफ्रेमची काच काढली, जलरंग घेतले आणि मागून एक साधं फूल रंगवायला बसले. आधी पाकळ्या केल्या, मग त्यांवर दवाचा थेंब. काच उलटी करून पाहिली. थेंब कुठेच नव्हता.

आणखी एक सांगू? कोणी कुठपर्यंत ऐकलं, ते आमच्या संगणकावर कळतं. मराठी लावणारे पाचव्या-सहाव्या चित्राला बंद करतात. असंच राहिलं तर मार्चनंतर मराठी काढून टाकू, असं साहेब म्हणाले होते. सतराव्या चित्रापर्यंत पोचलेला पहिला मोबाइल तुमचा आहे. लोक का थांबतात, हे मला कळत नव्हतं. तुमच्या एका ओळीने कळलं. आता मी सगळं पुन्हा लिहिते आहे. आधी चित्रात काय आहे ते, मग बाकीचं.

आणि सतरा नंबरची चूक मी कालच दुरुस्त केली. कोंडिरामदादांना सांगा, की मोती आता आधी आहे.

तुमची,
मृणालिनी


नवघर
ता. १४ जानेवारी २०२५

मृणालिनी मॅडम,

दुरुस्त करायला कोणी सांगितलं होतं?

म्हणजे मीच सांगितलं होतं. पण एवढी घाई कशाला केलीत? मामा रोज त्या चुकीवर जगतात. दूधवाला आला की त्याला सांगतात, राजाच्या वाड्यातली शिकलेली बाई मोती शेवटी ठिवते. शेजारच्या सुलूबाईला आठ वेळा सांगून झालं. ती गुजराती, तिला अर्धं कळत नाही, तरी ती "हा हा काका" करते. परत एकदा वरदगडला जाऊन ती चूक कानाने ऐकायची आणि तुमच्या माणसाला परत सांगायचं, असं त्यांचं ठरलं होतं. मी तुमचं पत्र वाचून दाखवलं, तर म्हणाले, "सुधारलं? बरं झालं." आणि तोंड पडलं. जेवताना गप्प.

ती चूक परत टाकता येते का बघा.

नाही येत, मला माहीत आहे. तुमची नोकरी आहे.

बाकी बरं आहे. भाकरी दोन खातात. दाराकडे तोंड करून बसतात. परवा उत्तनहून पीटर आला होता. त्याच्या होडीवर 'ॲशली' हे त्याच्या पोरीचं नाव वीस वर्षं मामाच लिहायचे. मागच्या वर्षी तो आला होता तेव्हा मामांनी त्याच्याकडे पाठ केली, तो सुके बोंबील ठेवून निघून गेला होता. या वेळी दोघं दोन तास बोलत बसले. पीटर म्हणाला, "तू न्हाय तर त्या बाईला कोन शिकवनार? तू थकलास काय, डोलं गेलं त तोंड हाय ना?" त्याच्या तोंडून ते चाललं. मी असं बोलले असते तर समाधानने मला घराबाहेर काढलं असतं.

मराठी बंद करू नका. साहेबांना सांगा, भाईंदरची एक बाई ऐकते.

पंचशीला


वरदगड
२७ जानेवारी २०२५

पंचशीलाताई,

चूक परत टाकता येणार नाही. पण पीटरभाऊंनी मला रस्ता दाखवला.

सतरा नंबरला माझा आवाज काढून टाकायचा असं मी ठरवलं आहे. तिथे कोंडिरामदादांनी बोलावं. काच कशी रंगवतात, आधी काय, नंतर काय, हात चुकला तर काय होतं, सगळं त्यांच्या शब्दांत, त्यांच्या बोलीत. जगातून कुठूनही कोणी आलं तरी नंबर दाबला की त्यांचा आवाज ऐकेल. साहेबांनी होकार दिला आहे, आणि मराठी बंद करायचंही मागे घेतलं आहे. दोघांच्या येण्या-जाण्याची सोय संग्रहालय करेल. ८ किंवा १५ फेब्रुवारी, कोणता दिवस जमेल?

ते कोण, काम कधी सुरू केलं, डोळे कसे गेले, हेही मी थोडं विचारेन, म्हणजे ऐकणाऱ्याला ओळख होईल.

कृपया लवकर कळवा.

मृणालिनी


वरदगड
१९ फेब्रुवारी २०२५

पंचशीलाताई,

उत्तर नाही, म्हणून काळजी वाटते आहे. दोन्ही तारखा गेल्या. कोंडिरामदादांची तब्येत बरी आहे ना? त्यांना यायचं नसेल तर माझा आग्रह नाही. फक्त कळवा.

मृणालिनी


नवघर
ता. २ मार्च २०२५

मृणालिनी मॅडम,

मामांची तब्येत बरी आहे. खोटं लिहिणार होते की ताप आहे. अर्धं लिहून फाडलं.

तुमचं पत्र मी त्यांना वाचून दाखवलंच नाही. कपाटात साड्यांखाली आहे. समाधानलाही सांगितलं नाही.

तुम्ही लिहिलंत, डोळे कसे गेले ते विचारेन. ते वाचलं आणि माझ्या हातून पत्र पुढे जाईना.

डोळे जायच्या वर्षभर आधी मामा मला म्हणाले होते, "पंचशीला, दिव्याभोवती गोल रंगीत कडी दिसतात गं." मी भांडी घासत होते. मी म्हटलं, "मामा, वय झालं. चष्मा बदला." मग ते दोनदा दाराच्या चौकटीला आपटले, तेव्हाही मी म्हटलं, बघून चाला. मला गाळ्यावर जायची घाई असते. मला कायम कशाची ना कशाची घाई असते. नंतर डॉक्टर म्हणाले, कडी दिसायला लागली तेव्हाच आणलं असतं तर डोळे थांबवता आले असते. समाधान म्हणाला, आम्हाला काहीच माहीत नव्हतं. मामा बाजूला बसले होते. ते बोलले नाहीत. मीही बोलले नाही. तेव्हापासूनच ते गप्प झाले, आणि मला वाटलं, ते माझ्यामुळे गप्प आहेत.

तुमच्या मशीनसमोर बसल्यावर ते सांगतील. सुनेला सांगितलं होतं, म्हणून सांगतील. खोटं का सांगावं त्यांनी? आणि ते तुमच्या मोबाइलात राहील. समाधान ऐकेल. नंबर दाबला की कोणीही ऐकेल.

दुसरा पेंटर बघा. मला माफ करा.

पंचशीला


वरदगड
१० मार्च २०२५

पंचशीलाताई,

दुसरा पेंटर मी बघणार नाही.

डोळ्यांबद्दल एक शब्द विचारणार नाही. तो प्रश्न लिहिताना मी विचारच केला नव्हता. मोत्यासारखाच तोही मनाने घातला होता. ऐकणाऱ्याला ते कळायची गरजही नाही. ऐकणाऱ्याला काच समजली की झालं.

पण ताई, साड्यांखालचं पत्र मी तुम्हाला लिहिलं असलं तरी बोलावणं त्यांना आहे. ते त्यांना वाचून दाखवा. डोळ्यांचं तुम्ही त्यांना सांगायचं की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. मी तुमच्याहून लहान असेन, मला त्यातलं काही कळत नाही.

५ एप्रिल, शनिवार. मी गाडीतळावर उभी राहीन.

मृणालिनी


नवघर
ता. ९ एप्रिल २०२५

मृणालिनीला जय भीम.

मॅडम म्हणत नाही. शनिवारी तुम्ही माझ्या मामांसाठी खुर्ची स्वतः उचलून आणलीत, आणि मी बघितलं, तुम्ही आमच्या धम्मपालच्या वयाच्या आहात. तो माझा धाकटा भाऊ, पुण्याला असतो. तर आता तू म्हणते.

तू शब्द पाळलास. डोळ्यांचं विचारलं नाहीस. मामा चाळीस मिनिटं बोलले आणि तू मध्ये एकदाही "काका हळू" म्हणाली नाहीस. शेवटी साहेबसुद्धा दाराशी येऊन उभे होते, ते तुला दिसलं नसेल, तुझी पाठ होती. मला दिसलं. मामांना मी सांगितलं, साहेब उभे आहेत. म्हणाले, "राहू दे, शिकतील."

आता परतीचं सांगते, ते तुला माहीत नाही.

घोडबंदरला गाडी अडकली. पुढे ट्रक बंद पडला होता, तासभर हलली नाही. ऊन, घाम, माझं डोकं तापलेलं. मामा मजेत. आणि मला काय झालं माहीत नाही, मी बोलून टाकलं. म्हटलं, "मामा, कडी दिसतात म्हणाला होता, तेव्हा मी तुम्हाला डॉक्टरकडे नेलं नाही. माझ्यामुळे गेले तुमचे डोळे."

मामांनी तोंड खिडकीकडे फिरवलं. मला वाटलं, झालं, परत भिंत.

मग म्हणाले, "तुला सांगितलं त्याच्या आधी सहा महिने दिसत होती कडी."

मी म्हटलं, "मग बोलला का नाहीत?"

"पीटरच्या होडीवर रेघ वाकडी गेली, तवाच कळलं मला. सांगितलं आसतं तर तुम्ही शिडीवर चढू दिलं नसतं. तुला सांगितलं ते भांडी घासताना सांगितलं, घाईत. म्हणजे सांगितल्यासारखं बी व्हावं आन तू ऐकू बी नये. तू चष्मा बदला म्हणालीस, मला बरं वाटलं. एक सीझन आजून मिळाला."

मी म्हटलं, "आणि मग दीड वर्ष गप्प का बसलात? मला वाटलं माझ्यावर राग आहे."

"तुझ्यावर कशाला? समाधान म्हणायचा, बाबा, आम्हाला आधी का नाही सांगितलं. काय सांगू? तोंड उघडलं तर हेच बाहेर पडलं आसतं."

मग मी त्यांना जे बोलले ते लिहीत नाही. पुढच्या सीटवरचा माणूस वळून बघत होता. मी त्यालाही बोलले. काशिमिरा येईपर्यंत मी बोलत होते आणि मामा हसत होते, आणि मध्येच माझे डोळे पुसायला त्यांनी रुमाल दिला. दिसत नाही तरी कळलं त्यांना.

घरी आल्यावर आम्ही दोघांनी समाधानला सांगितलं. तो चहा घेत होता. दोघांचंही ऐकून घेतलं, कप खाली ठेवला आणि म्हणाला, "म्हणजे या घरात रिक्षावालाच एक खरं बोलतो." मग उठून बापाशेजारी जाऊन बसला. रात्रीचं जेवण तिघांनी एकत्र केलं, बऱ्याच दिवसांनी.

मला आभार मानता येत नाहीत. कोणी मानले तर मला ऐकवत नाहीत. पण तुझे मानते. तू चुकलीस, ते बरं झालं. चूक सांगितल्यावर ऐकलंस, ते त्याहून बरं. आणि पत्र वाचून दाखवा म्हणून मला दटावलंस. आमच्यात मोठ्यांना कोणी दटावत नाही, म्हणून मोठे असेच राहतात.

मामा शेजारी बसलेत. विचारतात, काय लिहितेस एवढं. म्हटलं, तुमच्या चुगल्या. कागदावर हात फिरवून बघितला. म्हणाले, "गिचमिड लिहितीस. कडेला जागा सोड, ओळीत आंतर ठिव. वाचणाऱ्याला दम घेऊ द्यावा."

म्हणून ही शेवटची ओळ मी जागा सोडून लिहितेय.

तुझी,
पंचशीलाताई